एक सूत जास्त

ती. बाबा आणि ती. आई यांना
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईने मध्येच फोन बाबांकडे दिला असता, आणि बाबा, तुम्ही "बरं" म्हणून ठेवून टाकला असता. म्हणून लिहितेय. मी नोकरी सोडली. गेल्या शुक्रवारी शेवटचा दिवस होता.

आई, लगेच देवापाशी जाऊन बसू नकोस, आधी पुढचं वाच. वर्षभराचं भाडं आणि किराणा बाजूला काढलाय, विम्याचा हप्ता भरलाय, दादाकडे एक पैसा मागितलेला नाही. डबाही लावलाय, त्यात भाकरी असते.

माहितीपट करतेय, औंधवर आणि आपल्या किर्लोस्करवाडीवर. खूळ लागलं ते जुलैत, औंधच्या म्युझियममध्ये. शाळेच्या सहलीत आपण तिथून पळत पळत यमाईच्या पायऱ्या गाठल्या होत्या, चित्रं बघितलीच नव्हती. या वेळी रवि वर्म्याच्या सैरंध्रीसमोर तासभर उभी राहिले. उजेड वरच्या झरोक्यांतून येतो. ढग आला की रंग उतरायचा, ऊन आलं की परत चढायचा.

तिथेच तुमची गोष्ट आठवली, बाबा. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 साली जे. जे.त चित्रकला शिकायला गेले आणि रंग ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना ती सोडावी लागली. मग यंत्रांची ड्रॉइंगं, मग नांगर. आणि 1910 मध्ये त्यांना निवडुंगाचा माळ कुणी दिला, तर औंधच्या पंतांनी, ज्यांनी पुढे 1938 मध्ये हे म्युझियम उभं केलं. स्वतः चित्रं काढणारा राजा आणि रंग न दिसणारा कारखानदार! तुम्ही हे जेवताना शंभरदा सांगितलंत आणि मी शंभरदा "हं" म्हटलं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलही घेणार आहे, पण थोडक्यात. मुख्य गोष्ट वाडीचीच.

आता जे लिहायला जड जातंय ते. घरी न राहता कराडला खोली घेतली आहे. रागावू नका. आई, घरी राहिले तर तू मला पाटावरून उठू देशील का? पहाटेच्या उजेडासाठी चारला निघायचं म्हटलं तर तू तीनला उठून दशम्या करशील, तुझे गुडघे मला माहीत आहेत. दर रविवारी मात्र येणार, जेवायलाच.

बाबा, फिल्ममध्ये तुम्ही हवे आहात. तुमची ती लांब इंचांची पट्टी आठवते? सहावीत मी ती दप्तरात घालून नेली, भूमितीच्या सगळ्या रेघा चुकल्या आणि बाईंनी वहीभर लाल फुल्या मारल्या. मी रडत आले तर तुम्ही मांडीवर घेऊन सांगितलंत, "रेघा बरोबर आहेत गं. बीड निवताना आक्रसतं, म्हणून ओतकामाचा लाकडी पॅटर्न फुटामागे एक सूत जास्त करायचा. ही पट्टी त्याच मापाची आहे." मला तेव्हा एवढंच कळलं होतं की माझे बाबा बाईंपेक्षा हुशार आहेत. तेच कॅमेऱ्यासमोर सांगायचंय, बाकी काही नाही.

पण त्याआधी डोळा. परवा आईची मोरपंखी साडी तुम्ही काळी म्हणालात. मोतीबिंदू "पिकू दे, मग बघू" हे आता बंद. डॉक्टरांची तारीख मी घेतली आहे, पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ. सोमवारी रात्रीच येते. साखरेची आणि बीपीची गोळी डॉक्टर सांगतील तशीच घ्यायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ऑपरेशननंतर खाली वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, तुळशीला पाणी आई घालेल. थेंबांच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावीन. आई, यांच्या चहात साखर घालतेस ते मला कळतं.

हुकूम सोडतेय असं वाटेल. तसं नाही हो, बाबा. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की आपण तिघं गाडी करून औंधला जाऊ. ती सैरंध्री तुम्हाला नीट रंगात बघायला हवी. मग मला सांगा, ऊन आल्यावर तिचा रंग खरंच चढतो का, की मलाच तसं वाटलं.

ती पट्टी बहुतेक माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे, रंध्याखाली. शोधायला स्टुलावर चढू नका. मी आल्यावर काढू.

तुमची,
नीलू