सूचना : रविवारी कागद-पेन्सिल घेऊन या

सभासदहो, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता दांडिया बाजारात आपल्या नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : कामातली अडचण चित्र काढून सोडवणे.

येताना कोरे कागद, जाड पेन्सिल आणि स्वतःच्या कामातली एक खरीखुरी अडचण आणा. लॅपटॉप नको.

“मला चित्रकला येत नाही” असं म्हणून कृपया घरी बसू नका. चौकोन, बाण आणि काड्यांची माणसं एवढं पुरतं. मकरपुऱ्यात आमच्या कारखान्यातून माल उशिरा निघायचा. मीटिंगा झाल्या, जो तो दुसऱ्यावर ढकलत होता. शेवटी मी मालाच्या जुन्या चलानाच्या पाठीवर एका खोक्याचा प्रवास काढला. पॅकिंगपासून गेटपर्यंतचा बाण स्टोअरच्या दाराशी दोनदा जात होता, एका सहीसाठी! बोलण्यात हे कधी आलंच नव्हतं, कारण प्रत्येकाला आपापला तुकडाच ठाऊक होता.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी नकाशावर त्या त्या घरापाशी काळी रेघ आखली. रेघा ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटल्या, म्हणजे रोग त्या पाण्यातून येत होता. साध्या रेघाच त्या.

आधी प्रत्येकाने एकट्याने काढायचं, मग कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि त्याने तो समजावून सांगायचा. तो अडखळेल तिथे बहुधा गाठ असते. खोडरबर मात्र आणू नका, चुकलेली रेघही राहू द्या.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवावं, म्हणजे नाश्त्याचा अंदाज येईल.

– कार्यवाह