देवबागच्या तांडेलकाकांना, पाण्याच्या रंगासाठी

आदरणीय तांडेलकाकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. घरी येऊन बोलले असते तर तुम्ही "गप बस गो" म्हणून विषय बदलला असतात, आणि मला हे चारचौघांसमोर सांगायचं आहे. माझे पाण्याचे फोटो पाहिले की लोक आधी कॅमेरा कुठला ते विचारतात, मग सॉफ्टवेअर कुठलं ते. दोन्हींची उत्तरं मी देते. पण त्या फोटोंमधला रंग खरा वाटतो तो तुमच्यामुळे, आणि हे कुठल्याच सेटिंगमध्ये लिहिलेलं सापडणार नाही.

एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे मालवणजवळच्या आपल्या देवबागची चिंचोळी पट्टी. पाण्याचे फोटो काढणाऱ्याला पाच-दहा मिनिटं चाललं की दुसरंच पाणी मिळतं. पण कुठल्या पाण्याकडे कधी जायचं, हे मला तुम्ही शिकवलंत. भरती-ओहोटीचे तक्ते मोबाईलवर मिळतात, मीही ते पाहते. तुमचा हिशेब मात्र मनात बसला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, अष्टमीला आठ पाऊण सहा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं मागे पडतो, त्याच्याबरोबर भरतीही सरकते, म्हणून पाऊणकी कामाला येते. पौर्णिमा-अमावास्येला याच हिशेबाने भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचनंतर. फोटो काढणाऱ्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ही! उधाणाच्या दिवसांत समुद्र सगळ्यात लांब हटतो, आणि हटतो तो नेमका उजाडायच्या आणि मावळायच्या सुमाराला. ओली वाळू दूरवर उघडी पडते आणि आख्खं आभाळ तिच्यात उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ते जमत नाही. तेव्हा तुम्ही मला नदीच्या अंगाला पाठवायचात. अष्टमीच्या सकाळी सहाला कांदळवनात पाणी भरलेलं असतं, ओढ कमी असते, आणि मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, फार नसेल तर मुळांची प्रतिबिंबं अखंड मिळतात. समुद्राच्या बाजूलाही मतलई वाहतोय तोवर किनाऱ्याजवळचं पाणी सपाट राहतं. उन्हं तापून समुद्रावरून खारा वारा सुटला की प्रतिबिंब तुटलंच. हिवाळ्यात मी अकरानंतर प्रतिबिंबाच्या मागे लागत नाही, ते यामुळेच.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं याबाबतीत मात्र आपलं पूर्ण एकमत कधीच झालं नाही, आणि ते मला आवडतं. लाट फुटताना तिचे थेंब सुटे दिसायला हवे असतील तर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. परतणाऱ्या लाटेने वाळूवर ओढलेल्या रेषा हव्या असतील तर पाव ते अर्धा सेकंद. आणि दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश दहा वेळा निम्मा करणारी काळी काच, लावला की प्रकाश जवळपास हजारपटीने कमी होतो, १/३० सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाच्या पुढे जातं, लाटा पुसल्या जातात आणि खडकांभोवती नुसता धूर राहतो. असा एक फोटो बघून तुम्ही म्हणालात, "पाणी खय गेला गो?" मला तसे फोटो अजूनही आवडतात. खडकाचा आकार आणि आभाळाचा भार दाखवायचा असेल तर पाण्याने गप्प बसायला हरकत नाही. पण समुद्राचा स्वभाव दाखवायचा असेल तर पाव-अर्ध्या सेकंदासारखं दुसरं काही नाही, हे तुमच्या त्या प्रश्नानंतर मला पटलं. त्यात लाट हललेलीही दिसते आणि लाट म्हणून ओळखूही येते.

चकाकी कापणाऱ्या पोलरायझर फिल्टरचंही तसंच. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर वरून परतणारा उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. फिल्टर फिरवला की वरची चकाकी नाहीशी होऊन तळाचे खडक, शेवाळ, कालवं सगळं दिसायला लागतं. नवीन माणूस हे पाहून हरखतोच. तुम्ही माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही बघितलंत आणि म्हणालात, "वरचा आभाळ काढलस तर पाणी रवला खय?" आता मी फिल्टर पूर्ण फिरवत नाही. थोडा तळ, थोडं आभाळ. उथळ पाण्याचा फोटो उथळ पाण्यासारखा दिसतो तो या दोन्हींच्या मिश्रणामुळेच.

पण तुमचे खरे उपकार पावसाळ्यातले. १ जूनला मासेमारीची बंदी लागली, होडी वर ओढून झावळांनी शाकारली, जाळी दुरुस्तीला निघाली, आणि तुमच्या पडवीत माझ्या लॅपटॉपला जागा मिळाली. तुम्ही जाळं विणता विणता बघायचात, मी एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती शेजारी शेजारी लावायचे आणि खरी कुठली ते तुम्ही सांगायचात. सॉफ्टवेअरमधलं एकही बटण तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तुमच्याइतका काटेकोर रंग तपासणारा मला दुसरा भेटलेला नाही. पाण्याच्या रंगावरून आणि तवंगावरून मासळी ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचा डोळा पडद्यावरही फसत नाही.

कर्ली सह्याद्रीतून उतरते ती जांभ्या मातीचा लोंढा घेऊन. जुलैत संगमावर पाण्याचे पट्टे दिसतात: तांबडा, मग चहाच्या रंगाचा, मग समुद्राचा करडा. मधली रेघ इतकी स्पष्ट की बोटाने दाखवता येते. कॅमेऱ्याला हे मानवत नाही. प्रकाशाच्या रंगाची झाक आपोआप काढणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला चौकटभर तांबूस रंग दिसला की तो त्याला प्रकाशाचा दोष समजतो आणि सगळं निळ्याकडे ढकलतो. म्हणून ढगाळ दिवशी मी व्हाइट बॅलन्स ६००० ते ६५०० केल्विनच्या दरम्यान पक्का करून ठेवते, आणि पहिल्या फोटोत, नंतर रंग जुळवायला, करडं कार्ड धरते. कितीदा ते कार्ड तुमच्या वल्ह्याला टेकवून धरलंय. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, हवीच. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. गढूळ पाण्यातले तांबडे-पिवळे बारकावे एकमेकांना इतके चिकटून असतात की जेपेगमध्ये जरा स्लायडर हलवला की त्यांचे डाग पडतात.

आणि फेस. ही एक गोष्ट तर मला कुठल्याच पुस्तकात किंवा व्हिडिओत मिळाली नव्हती. समुद्राच्या फोटोत रंग जुळवायचा सोपा उपाय म्हणून सॉफ्टवेअरमधला रंग उचलणारा ड्रॉपर घेऊन फेसावर क्लिक करतात: फेस पांढरा, म्हणून तो पांढरा धरायचा आणि बाकीचे रंग त्यावरून लावायचे. उघड्या समुद्रावर, हिवाळ्यात, हे चालून जातं. संगमावरच्या एका फोटोत मी हे करताना तुम्ही हातातली सुई थांबवलीत. "नदीचो फेस पांढरो नसता गो. पिवळो असता." दुसऱ्या दिवशी आपण दोघं जाऊन पाहून आलो. पिवळाच होता, कडेला तर बदामी. फेसाला पांढरा मानलं की तो पिवळेपणा आख्ख्या चौकटीतून वजा होतो, आणि नदी निळसर, आजारी दिसायला लागते. त्यानंतर पावसाळ्यातल्या फोटोंत मी ड्रॉपर फक्त करड्या कार्डावर टेकवते. एवढ्या एका वाक्याने माझी त्या वर्षीची सगळी मालिका तरली.

बाकीचं संपादन थोडकंच असतं. फोटो काढतानाच एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवते, म्हणजे फेसातले तपशील जळत नाहीत, आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक भिंतीला चिकटत नाही. मग सावल्या थोड्या वर. क्षितिज सरळ. ते अर्ध्या अंशाने जरी कललं तरी तुम्हाला आधी दिसायचं. आभाळाला वेगळा मास्क, पाण्याला वेगळा, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागतो, कारण धूसरपणा काढणारं डिहेझ आभाळाला शोभतं आणि तेच पाण्यावर लावलं की लाटा दगडाच्या वाटतात. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, शक्यतो हात नाही.

हे सगळं कशासाठी, असं मला एका जाहिरातीच्या कामात विचारलं गेलं होतं. पावसाळ्यातल्या किनाऱ्याचे फोटो हवे होते, पण पाणी निळं करून. निळा स्लायडर ओढायला दोन सेकंद लागतात, एवढं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं. मी ते काम सोडलं, आणि ते सोडायचं बळ मला तुमच्या पडवीत मिळालं. फोटोतलं नीलमण्यासारखं पाणी बघून पर्यटक येतात, पावसाळ्याच्या तोंडावर तांबूस-करडं पाणी दिसलं की होडीवाल्यांशी हुज्जत घालतात, फसवलंत म्हणतात, आणि ते ऐकून घेणारा तुमचा मुलगा असतो, हे तुम्ही मला सांगितलंत. तोवर मी रंगाकडे माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहत होते. त्या रंगाचे पैसे दुसरं कोणीतरी किनाऱ्यावर मोजतं, हे तुमच्यामुळे समजलं. आणि खरं सांगायचं तर जुलैतली कर्ली निळी नसते म्हणूनच बघण्यासारखी असते. अख्ख्या डोंगराची माती एका रेघेत समुद्राला भेटताना वर्षातून किती दिवस दिसते?

हिवाळ्यातल्या त्या रात्रीसाठीही आभार, जाळं ओढताना पाणी चमकायला लागलं म्हणून तुम्ही अवेळी फोन करून मला बोलावलंत. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव पाणी हललं की असा उजळतो. होडीच्या कडेने, वल्ह्याच्या टोकाने, तुमच्या हातावरून थेंब पडतील तिथे तो उजेड. किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून आयएसओ ३२००, एफ २.८ आणि दहा-पंधरा सेकंद, असे मी फोटो घेतले. पडद्यावर लाटा झगझगीत निळ्या आल्या. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "डोळ्यांक इतक्या दिसणा नाय." बरोबरच होतं. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग जवळपास कळत नाही, म्हणून तो उजेड आपल्याला फिकट, राखाडीकडे झुकणारा दिसतो. कॅमेरा मात्र पंधरा सेकंदांचा निळा साठवत राहतो. म्हणजे कॅमेरा खोटं बोलत नव्हता आणि तुम्हीही नव्हता. मी निळा रंग बराच खाली आणला, पूर्ण काढला नाही, आणि फोटोखाली लिहिलं की हा पंधरा सेकंदांचा उजेड आहे. तसं लिहावं हे तुम्हीच सुचवलंत. माझ्या मते रात्रीच्या पाण्याच्या प्रत्येक फोटोखाली तसं लिहायला हवं.

काकूंचे आभार वेगळे. प्रत्येक वेळी परत आल्यावर गोड्या पाण्याची कळशी पायरीवर तयार असायची. ट्रायपॉडचे पाय खाऱ्या पाण्यातून आले की सांधे उघडून गोड्या पाण्यात धुवावे लागतात, नाहीतर मीठ धरून ते अडकतात. लेन्सवरचे खारे शिंतोडे तर कोरड्या फडक्याने पुसायचेच नाहीत, मिठाच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. आधी ओलसर फडकं, मग कोरडं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतानाही काकूंनी त्या पाण्याचा हिशेब कधी केला नाही. माझा ट्रायपॉड अजून नवा असल्यासारखा उघडतो.

संगमाची मालिका आता कागदावर छापून झाली आहे. छापायच्या आधी प्रत्येक फोटोची लहान प्रत तुमच्या पडवीत, दिवसाच्या उजेडात, तुम्हाला दाखवली होती आणि तुम्ही दोन परत पाठवल्या होत्यात. त्या दोन्ही पुन्हा केल्या. फोटोंच्या खाली माझ्या नावाशेजारी "रंग तपासणी" म्हणून तुमचं नाव घालायची परवानगी हवी आहे. नाही म्हणू नका. तुमच्यासाठी एक संच काचेच्या चौकटीत करून ठेवलाय, येत्या आठवड्यात आणून देते. पावसाळी भिंतीला ओल येते, तेव्हा मागे लाकडी पट्ट्या ठोकून भिंतीपासून बोटभर लांब लावू, म्हणजे बुरशी धरणार नाही. पट्ट्या मी घेऊन येते, ठोकायला तुमचा मुलगा हवा.

काकूंना नमस्कार, नातीला वाचून दाखवल्याबद्दल खाऊ.

तुमची ऋणी,
फोटोवाली