हडसन्स बे कंपनी : लेखातून सुटलेली माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कातड्यांच्या व्यापारातून पुढे मोठ्या दुकानांची साखळी झालेल्या कॅनडातील ‘हडसन्स बे कंपनी’वरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. 1 जून 2025 रोजी शेवटची दुकाने बंद झाली, 355 वर्षांची परंपरा संपली, रंगीत पट्ट्यांच्या ब्लँकेटसाठी झुंबड उडाली, हे सारे त्यात आले. पण ज्यांच्या भूमीवर आणि कष्टांवर ही कंपनी उभी राहिली, त्या क्री आणि डेने या आदिवासींविषयी आणि मेटी (आदिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांविषयी एक ओळही नाही. याचे फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने 1670 मध्ये सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या साऱ्या नद्यांचा मुलूख कंपनीच्या नावे झाला. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना कुणी विचारले नाही. याच राजाने दोन वर्षे आधी मुंबई सालाना 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली होती. मुंबईकरांना तरी ही हकिकत परकी वाटू नये.

कंपनीला बीव्हर या नदीकाठच्या केसाळ प्राण्याची कातडी हवी होती. त्याच्या मऊ लवेपासून युरोपात हॅट बनत. सुरुवातीच्या काळात अधिक मोल होते ते तिथल्या लोकांनी हिवाळाभर अंगावर वापरलेल्या कातड्याला. केसांची बाजू आत घेऊन ते पांघरले की अंगाच्या घासण्याने वरचे राठ केस झडत आणि खालची लव हॅटवाल्याला आयती मिळे. लंडन-पॅरिसच्या श्रीमंतांच्या हॅटचे निम्मे काम असे क्री माणसाच्या अंगावरच होऊन जात असे.

ही माणसे भोळी नव्हती. माल पारखून घेत, वाईट निघाला तर सुनावत, प्रतिस्पर्धी फ्रेंच व्यापाऱ्यांकडे जाऊ म्हणत. व्यापार त्यांनाही हवा होता. पण व्यापाराच्या वाटांनीच देवीची साथ पसरली. 1781-82 च्या साथीत डेने लोकांपैकी दहातले नऊ गेले, असे कंपनीच्याच सॅम्युअल हर्नने लिहून ठेवले आहे. पुढे 1820 च्या दशकात स्नेक नदीच्या खोऱ्यात अमेरिकी व्यापारी फिरकू नयेत म्हणून कंपनीचा तिथला गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन याने बीव्हर मुद्दाम संपवायला लावले. जिथे शिकार संपली, तिथे उधारी आणि उपासमार आली. शेवटी 1869-70 मध्ये कंपनीने हा अफाट मुलूख 3 लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली केला. तेव्हाही रहिवाशांना विचारले नाही. मेटींच्या बाजूने उभा राहिलेला त्यांचा पुढारी लुई रिएल पुढे सरकारविरुद्धच्या उठावाबद्दल 1885 मध्ये फासावर गेला.

आपला आणखी एक धागा इथे गुंतला आहे. डिसेंबर 1785 मध्ये ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ ही दोन जहाजे मुंबईहून निघून आजच्या कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नूटका खाडीत गेली, समुद्री पाणमांजराच्या कातड्यांसाठी. त्यामागे मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट होता. अशा सफरींमुळे काही दशकांत त्या किनाऱ्यावर पाणमांजर दिसेनासे झाले, आणि तिथल्या मोवाचाट लोकांची बरकतही गेली.

आता कंपनीची मूळ सनद 1 कोटी 80 लाख कॅनेडियन डॉलरना विकली गेली आहे. कंपनीच्या संग्रहातील आपल्या पूर्वजांच्या वस्तूंचा लिलाव थांबवा, अशी मागणी मॅनिटोबातील आदिवासी प्रमुखांच्या संघटनेने केली होती. त्याविषयी पुरवणीत सविस्तर यावे आणि ते शक्यतो तिथल्या क्री किंवा मेटी लेखकाकडूनच लिहवून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे