नाडीचा वळ

नौपाडा, ठाणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे टेबलावर पडून आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत मी एकालाही उत्तर लिहिले नाही. प्रकृतीची सबब सांगत नाही. साखर आटोक्यात आहे, गुडघे कुरकुरतात, एवढेच. न लिहिण्याचे खरे कारण सांगायला आज बसलो आहे. ते दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, कारण त्या वर्गात माझ्या डाव्या हाताला तू बसला होतास.

जानेवारीत आमच्या भागातल्या काही चित्रकारांनी मिळून एका सभागृहात चार दिवसांचे प्रदर्शन भरवले. मी सहा चित्रे दिली. तीन तलावपाळीची, दोन येऊरच्या पायथ्याची, आणि सहावे आपल्या चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणाऱ्या मावशीचे, तिसऱ्या वर्षातले, कोळशाने काढलेले, पाठमोरे, अंगावर कपडा नसलेले. उद्घाटनाला तासभर असताना संयोजकांपैकी एक तरुण माझ्याकडे आला. मुलगा अतिशय नम्र होता. "सर, फॅमिलीवाले येणार आहेत, लहान मुले असतील. तेवढे एक काढता आले तर बघा ना." माझ्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला, ते न डगमगता उभे राहिले आणि खालच्या कोर्टात सुटल्यावर सरकार हायकोर्टात गेले तेव्हा तिथेही जिंकले, हे मी वीस वर्षे मुलांना वर्गात सांगत आलो आहे. त्या दिवशी त्यातला एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. "काढत नाही, झाकतो," असे मी म्हणालो आणि चौकटीच्या वरच्या कडेला बटर पेपरचा एक तुकडा सेलोटेपने स्वतःच्या हाताने चिकटवला.

मायकेलअँजेलोने १५४१ मध्ये सिस्टीन चॅपलच्या भिंतीवरचे अंतिम न्यायाचे चित्र पुरे केले आणि १५६५ मध्ये त्यातल्या उघड्या देहांवर वस्त्रे रंगवायला दानिएले दा वोल्तेर्राला बसवले गेले. लोकांनी त्याचे नाव 'चड्डीवाला' पाडले. बंड्याने वर्गात त्याची नक्कल केली होती, आठवते? डस्टर कमरेला लावून. मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो. तो दानिएले चांगला चित्रकार होता आणि मायकेलअँजेलोच्या जवळच्या माणसांपैकी होता. त्याने ते काम कोणत्या मनाने केले असेल, हा विचार मला तेव्हा शिवलाही नव्हता. आता दिवसातून दोनदा शिवतो.

पण माझी बोच नुसती भित्रेपणाची असती तर मी ती गिळली असती. खरी गोष्ट पुढे घडली. त्या कागदामुळे लोक मावशीच्या चित्रापाशी थांबू लागले. बाकीच्या पाच चित्रांवरून नजर फिरवून पुढे जाणारे गृहस्थ तिथे येऊन आधी इकडेतिकडे पाहत आणि मग कागदाचे खालचे टोक दोन बोटांनी उचलत. एकाने तर मित्राला खुणेने बोलावून दाखवले. एरवी त्या चित्रात काय आहे? चाळिशी उलटलेली एक बाई चौथऱ्यावर पाठमोरी बसली आहे, तिचा डावा खांदा थोडा उतरला आहे आणि अंबाडा सुटत आला आहे. मावशी कळव्याहून लोकलने येऊन आपल्यासमोर तासन् तास बसायची, मध्यंतरात साडी गुंडाळून डबा खायची, घंटा झाली की पावलांभोवती आखलेल्या खडूच्या रेघांत पुन्हा बरोबर पाय ठेवायची. आणि त्या सगळ्या काळात ती एकदाही आपल्याला नागडी दिसली नव्हती. माझ्या त्या वीतभर कागदाने तिला तसे केले. चौथ्या दिवशी मी कागद फाडून टाकला, पण तोवर प्रदर्शन उतरवायची वेळ झाली होती.

आपल्या भाषेने या बाबतीत किती बारकाईने विचार केला आहे बघ. नग्न, विवस्त्र आणि नागडा हे तीन शब्द एका अंगाचे नाहीत. नग्न म्हणजे जसा आहे तसा, तीर्थंकर असतो तसा. विवस्त्र म्हटले की वस्त्र होते आणि ते गेले, हे त्या शब्दातच आले. नागडा हा शब्द मात्र पाहणाऱ्याच्या तोंडी असतो. मला वाटते, युरोपातल्या नग्नचित्रांचा चारशे वर्षांचा झगडा या तीन शब्दांमधल्या अंतराचाच आहे. जॉर्जोनेची १५१० च्या सुमाराची व्हीनस, ती सौंदर्यदेवता, उघड्या माळावर डोळे मिटून निजली आहे. तिला कोणी पाहत असल्याची खबर नाही. तिशियनने १५३८ मध्ये तशीच आडवी, तशाच हाताची व्हीनस काढली, पण तिला घरात आणले, जागे केले आणि सरळ आपल्याकडे पाहायला लावले. मागे दोन दासी आहेत, त्यातली एक पेटीपाशी गुडघे टेकून आत शोधते आहे. ती काय शोधते आहे? मालकिणीचे कपडे. त्या एका पेटीमुळे समोरची देवी थोड्या वेळाने कपडे घालणार आहे, ती या घरात राहते, हे कळते. गोयाने तर एकाच पलंगावर एकाच बाईची दोन चित्रे काढली, एक कपड्यांतले आणि एक कपड्यांविना, आणि १८१५ मध्ये धर्मन्यायालयाने त्याबद्दल त्याला जाब विचारला. १८६३ साली काबानेलची लाटांवर पहुडलेली व्हीनस फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने स्वतः विकत घेतली; त्याच वर्षी मानेने 'ऑलिम्पिया' रंगवली आणि १८६५ मध्ये ती पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनात, लागली तेव्हा लोक इतके खवळले की चित्राला इजा होऊ नये म्हणून ते उंच, दारावर हलवावे लागले. अंगावर दोघींच्याही कपडे नव्हते. मग राग कशाचा आला? ऑलिम्पियाच्या गळ्यात काळी फीत होती आणि एका पायातली सपाता निसटली होती. ती विवस्त्र होती.

त्या चित्रासाठी बसलेल्या बाईचे नाव व्हिक्टोरिन मरां, हे मास्तरांनी आपल्याला सांगितले होते. ती स्वतः चित्रकार होती आणि १८७६ च्या सलोंमध्ये, ज्या वर्षी मानेची चित्रे परत पाठवली गेली, त्याच वर्षी तिचे चित्र लागले होते, हे मात्र सांगितले नव्हते. मला ते फार उशिरा कळले आणि कळले त्या दिवशी मला आधी मावशी आठवली. आपण दोन वर्षे तिला समोर बसवून शिकलो आणि तिचे नाव तुलाही ठाऊक नाही नि मलाही. हजेरीपत्रकात सही करताना ती काय लिहायची, हे कोणी वाकून पाहिले नाही.

आता त्या भांडणाकडे येतो. तू विसरला असशील असे मला वाटत नाही, कारण त्यानंतर तू माझ्याशी महिनाभर बोलत नव्हतास आणि माझ्याकडून नेलेले अमृता शेरगिलचे पुस्तक त्या रागात जे ठेवून घेतलेस ते आजतागायत सांगलीतच आहे.

त्या दिवशी मावशी चौथऱ्यावर बसली तेव्हा परकराच्या नाडीचा वळ तिच्या कमरेभोवती ताजा होता. बोटभर रुंद, लालसर, मणक्यापाशी थोडा तुटलेला, आणि त्याच्या वर-खाली कातडी किंचित फुगलेली. तू काढलास तसा मीही तो काढला. मास्तर मागून आले आणि म्हणाले, "हा शरीराचा भाग नाही, अर्ध्या तासात जाईल. पुसा." मी पावाचा तुकडा घेतला आणि पुसला. तू म्हणालास, "जाणार आहे म्हणूनच आत्ता काढला पाहिजे, सर," आणि पुसला नाहीस. मध्यंतरात मी तुला हट्टी म्हणालो आणि तू मला होयबा म्हणालास. त्याच मध्यंतरात मावशी साडी गुंडाळून आपल्या बोर्डांपुढून गेली, तुझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "ह्याने नाडीपण काढली बघा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या बोर्डापुढून ती न थांबता गेली.

मास्तरांच्या मागे मोठी परंपरा होती, हे मान्य करतो. रेम्ब्रांटने तरुणपणी, १६३१ च्या सुमारास, मातीच्या उंचवट्यावर बसलेल्या एका उघड्या बाईचे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, केले, त्यात तिच्या पायांवर मोजे बांधायच्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. पुढे १६८१ मध्ये अँद्रिस पेल्स नावाच्या डच कवीने याच गोष्टीवरून त्याला झोडपले. पोटावर चोळीच्या नाड्यांच्या खुणा आणि पायांवर पट्ट्यांच्या खुणा काढतो, ग्रीकांची व्हीनस सोडून धुणेवालीला समोर बसवतो, असा त्याचा आक्षेप होता. म्हणजे आपल्या वर्गातले भांडण तीनशे वर्षे जुने होते आणि तू रेम्ब्रांटच्या बाजूला होतास. त्याच रेम्ब्रांटने १६५४ मध्ये हातात राजाची चिठ्ठी घेऊन बसलेली बायबलमधली बाथशेबा रंगवली; ती दुसऱ्याची बायको आणि राजाने तिला बोलावले आहे. तिच्या उघड्या देहाकडे पाहताना आपले डोळे पुन्हा पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे जातात, कारण पुढे काय करायचे याचा विचार ती करते आहे. शेरगिलने १९३३ मध्ये पॅरिसमध्ये काढलेली धंदेवाईक मॉडेलही तशीच, ओघळलेली, थकलेली, रोजच्या कामावर आलेली. तू तेव्हा त्या पानात खूण घालून ठेवली होतीस.

अजिंठ्याचे मला काही सांगू नकोस; तिथे हा प्रश्नच येत नाही. तिथले देह कोणाला समोर बसवून काढलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या अंगावर नाडीचा वळ उठणार कुठून? समोर खरी बाई बसवून काढण्याची पद्धत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९१९ च्या सुमारास तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी आणली आणि तिच्याबरोबर खऱ्या बाईचा वळही वर्गात आला. शंभर वर्षे झाली, तरी त्याचे काय करायचे हे आपले ठरलेले नाही.

तुझ्या पत्रातले सगळे वाचले. वहिनींच्या मोतीबिंदूचे काम नीट पार पडले, हे फार छान झाले. मृण्मयीचे लग्न मे महिन्यात असेल तर आम्ही दोघे नक्की येऊ. जूनमध्ये असेल तर पावसाचे बघावे लागेल. गच्चीचे काम कंत्राटदारावर सोडू नकोस.

प्रदर्शनानंतर मी मावशीचे चित्र चौकटीतून काढून दिव्याखाली तिरपे धरले. पाव फिरवलेल्या जागी कागदाचा पोत अजून वेगळा लागतो, पण वळ दिसत नाही. मी तो आठवणीने पुन्हा काढायचा प्रयत्न केला नाही. मणक्यापाशी तो नेमका कुठे तुटला होता हे मला आता सांगता येत नाही आणि अंदाजाने काढला तर ती दुसरीच कोणी बाई होईल. तुझा तो बोर्ड माळ्यावर आहे, हे तू मागे म्हणाला होतास. तो खाली काढ. कागदाचा फोटो दिवसा, खिडकीशी उभा राहून घे, फ्लॅश लावू नकोस, आणि कमरेचा भाग जवळून वेगळा घे. वाळवी लागली असेल तर तसे कळव, मी स्वतः येतो.

तुझा,
अरुण