टेकडीवरच्या आमच्या वनरक्षक ताईंना

ताई, तुमची बदली झाल्याचं परवा कळलं. तुम्ही कधी निघालात तेही कळलं नाही, निरोप द्यायचा राहिलाच. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचेलच कुणाकडून तरी.

टेकडीवर देशी झाडं लावून त्यांना पाणी घालणारा आमचा ग्रुप तुम्हाला माहितीये. रिटायर्ड काका, कॉलेजची पोरं, आमच्यासारख्या नोकरी सांभाळून येणाऱ्या बायका, उन्हाळ्यात प्रत्येकाच्या हातात 5 लिटरचा कॅन. पायथ्याच्या चहावाल्या दादांनी कॅन ठेवायला टपरीमागची जागा दिली, एक रुपया न घेता. पण जमीन वनखात्याची, तुम्ही सोबत नसता तर हे सगळं कितपत टिकलं असतं सांगता येत नाही.

कारण त्याआधी काय काय बघितलं होतं! एक कंपनी आली होती, बॅनर, टोप्या, ड्रोन, एका सकाळीत ढीगभर रोपं, त्यात गुलमोहरच जास्त, फोटो झाले, नाश्ता झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे नुसत्या काळ्या पिशव्या उरल्या. एका ऑफिसात अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले टेकडी हिरवीच आहे की, अजून काय पाहिजे. साहेब, ती हिरवी दिसते पावसाळ्यात, आणि त्यातलं कितीतरी गिरिपुष्प आहे, मध्य अमेरिकेतलं झाड, पटकन वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर कधीकाळी लावलं गेलं आणि आता त्याच्या दाटीत आपलं देशी झाड डोकं वर काढू शकत नाही. सालई, मोई, पांगारा, पळस, गणेर, मेडशिंगी ही खरी इथली मंडळी. हे त्या साहेबांना सांगून झालं, अर्ज तिथेच राहिला.

आणि तुम्ही! पहिल्याच भेटीत आमच्याबरोबर सगळा उतार फिरलात. वरच्या सपाटीवर खड्डे घेऊ नका म्हणालात, तिथे गवतच पाहिजे, टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, झाडं लावून त्यांची जागा घालवायची नाही. इतकं साधं आणि इतकं महत्त्वाचं आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात त्या चिंध्या. पावसाळा संपला की कुसळी गवत कमरेएवढं होतं, आणि वणव्याच्या भीतीने जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढायला मजूर येतात, विळा चालवत सरळ पुढे जातात. आपली मोई, पांगारा तर उन्हाळ्याआधीच पानं टाकून बसतात, लहान रोप म्हणजे वाळकी काडीच दिसते, मजुराला तरी काय कळणार. तर जाळरेषेचं काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही एकट्या वर गेलात आणि त्या पट्ट्यातल्या एकेका रोपाच्या काठीला तुमच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधून आलात. आम्हाला सांगितलंही नाहीत. सकाळी आम्ही धावतपळत वर पोचलो तर गवत कापलेलं आणि मधे मधे लाल चिंध्या, रोपं जागच्या जागी. आमचे एक काका तिथेच मटकन बसले आणि रडले ताई, अहो खरंच रडले.

हे तुमच्या ड्युटीत नव्हतं, कुठल्या रिपोर्टात आलं नाही, कुणी फोटो काढला नाही. आमचं रोप तुम्ही तुमचं मानलंत एवढंच. आणि अशी माणसं आहेत हो, आपण उगाच म्हणतो सगळे सारखेच. तो चहावाला, ते मजूर जे आता रोप दिसलं की स्वतःच थांबून विचारतात, 2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवायला भर उन्हाळ्यात रस्त्यावर उतरलेले पुणेकर. पुण्यातल्या वारज्याचंच बघा ना, वनखातं आणि लोक एकत्र आले तर 40 एकरांत जंगल उभं राहिलं, आणि 2020 च्या पर्यावरण दिनाला केंद्राने देशभरात 200 नगर वनं करायचं जाहीर केलं तेव्हा उदाहरण दिलं ते वारज्याचं! पैसा लागतो, योजना लागते, मान्य, पण संध्याकाळी एकटं वर जाऊन चिंध्या बांधणारं कुणीतरी लागतंच.

तुमच्या जागी आलेल्या दादांना भेटलो. चिंध्या कसल्या म्हणून त्यांनीच विचारलं, सगळं सांगितलं, ते म्हणाले यंदा मीही आणतो घरून. पाऊस पडला की गणेर आणि मेडशिंगीची रोपं लावायची आहेत, बिया टेकडीवरच्याच, रोपं आमच्या गॅलऱ्यांमधली. तुम्ही दाखवलेल्या उतारावरच लावणार, सपाटीवर नाही. कुठल्याही रविवारी सकाळी सातला या, मुलांना घेऊन या, पोहे आमच्याकडे.