नाट्यगृह पुन्हा उभे राहील, पण ते सांभाळणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 जानेवारी 2026 रोजी कोल्हापूर महानगरपालिकेसाठी मतदान झाले आणि पाच वर्षांहून अधिक काळानंतर शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. त्या दिवसांतल्या निवडणुकीच्या बातम्या मी बारकाईने वाचल्या. कोणाची कोणाशी युती, कोणत्या पेठेत कोणाची बंडखोरी, कोणाला कोणाचा पाठिंबा हे सर्व त्यांत होते. आमच्या दारी मते मागायला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच प्रश्न विचारला, की संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल तुमचे म्हणणे काय आहे? सर्वांनी आदराने ऐकून घेतले आणि सर्वांनी मला रस्ता, गटार आणि पाणी यांबद्दल सांगितले. रस्ता, गटार आणि पाणी हवेच आहे, त्याबद्दल वाद नाही. तरीही ज्या शहराची ओळख कलेवर उभी आहे, त्याच्या निवडणुकीत जळालेल्या नाट्यगृहाविषयी दोन वाक्ये बोलण्याची तयारी कोणाचीच नसावी, याचे मला मनापासून दुःख झाले.

मी मंगळवार पेठेत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागल्याचे कळले, तेव्हा आम्ही गल्लीतली माणसे जेवणाची ताटे तशीच ठेवून धावलो होतो. छप्पर कोसळताना समोर उभे असलेले रंगकर्मी हमसून हमसून रडत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आत त्या वेळी प्रयोग नव्हता म्हणून माणसे वाचली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते, हे ज्यांना आठवते त्यांना त्या रात्री आपण कशातून वाचलो याची कल्पना येईल.

हे नाट्यगृह आपल्याला कसे मिळाले, हे नव्या पिढीसाठी थोडे सांगणे भाग आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, तेथे रोमचे भव्य क्रीडागार त्यांनी पाहिले आणि परत आल्यावर खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून त्यांनी पॅलेस थिएटर बांधले आणि ते 1915 साली खुले झाले. एका बाजूला पैलवानांचा हौदा आणि दुसऱ्या बाजूला गायक नटांची फळी, अशी ही एकमेकांना चिकटलेली जोडवास्तू आहे. मल्ल आणि नट या दोघांनाही राजाश्रयाच्या एकाच मांडवाखाली आणण्यामागे महाराजांची जी दृष्टी होती, ती मला त्या दगडी भिंतींतून नेहमी जाणवत आली आहे. पुढे या थिएटरला केशवरावांचे नाव देण्यात आले. 1890 साली जन्मलेल्या या गायक नटाने वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली, टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या प्रयोगात बालगंधर्वांच्या नायिका भामिनीसमोर नायक धैर्यधर उभा केला आणि त्यानंतर तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, जगाचा निरोप घेतला.

ज्या मराठी चित्रपटाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तोही याच रंगभूमीच्या कुशीतून आलेला आहे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणाऱ्या हातांनीच पुढे कॅमेरा धरला. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथे निघाली, 1929 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी येथे सुरू झाली आणि 1933 साली ती पुण्याला गेली. आज कोल्हापुरात व्हीनस टॉकीज नाही, व्हीनस कॉर्नर हे चौकाचे नाव तेवढे उरले आहे. एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद झाली, आणि मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मिळतो तो बहुधा सकाळचा किंवा भर दुपारचा खेळ, जेव्हा नोकरदार माणूस येऊच शकत नाही. मोरेवाडीच्या माळावरच्या चित्रनगरीत मालिकांचे चित्रीकरण होते, त्यामुळे काही मुलामुलींना काम मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मालिकेत तोंड दिसण्यापूर्वी नट घडावा लागतो, आणि तो घडतो तालमीत, हौशी संघात आणि भरलेल्या प्रेक्षागृहापुढे. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफितीत हजारो पसंतीच्या खुणा मिळवणारी हुशार मुले माझ्या ओळखीची आहेत. त्यांना मी दोष देत नाही, कारण उभे राहायला रंगमंचच मिळत नसेल तर त्यांनी आपली कला दाखवायची तरी कोठे?

मी स्वतः तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत याच रंगमंचावर काम केले आहे. पहिल्या प्रवेशात भीतीने माझा घसा कोरडा पडला होता, तरी हळू आवाजात म्हटलेले वाक्य शेवटच्या रांगेतल्या माझ्या आईपर्यंत ध्वनिक्षेपकाशिवाय पोहोचले, आणि तिने घरी आल्यावर ते मला शब्दशः म्हणून दाखवले. पुनर्बांधणीच्या कामात वातानुकूलन, खुर्च्या आणि रोषणाई यांची चर्चा अधिक ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. नाट्यगृहाची खरी श्रीमंती त्याच्या आवाजात असते. जुन्या वास्तूचा तो आवाज नव्या छपराखाली टिकला का, हे खुर्च्या बसवण्यापूर्वी गायकाला आणि नटाला रंगमंचावर उभे करून तपासले गेले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. राज्यघटनेच्या 243-यू या कलमानुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी लागते. कोल्हापूरची मुदत 15 नोव्हेंबर 2020 रोजी संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा न्यायालयीन वाद, असे करत सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांचीही हीच कथा होती. आमच्याकडे मात्र नेमक्या याच काळात शतकापेक्षा जुने नाट्यगृह जळाले. नगरसेवक असते तर आग लागली नसती, असा दावा मी करणार नाही. पण सभागृह असते तर प्रश्न विचारले गेले असते, उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली असती आणि सामान्य माणसाला कोणाच्या तरी दारात जाऊन हक्काने बसता आले असते. त्या काळात आम्ही रंगकर्मी आणि रसिक निवेदने घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलो. अधिकारी बदलले की आमचे निवेदन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे.

आगीनंतर कोट्यवधींचा निधी जाहीर झाला आणि वास्तू पुन्हा उभारण्याचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले, याबद्दल शासनाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु सुमारे दहा वर्षांपूर्वीही याच नाट्यगृहाचे मोठे नूतनीकरण झाले होते, हे विसरून चालणार नाही. पैसा खर्च करून वास्तू सजवणे आणि ती रोजच्या रोज सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात पहिल्या कामाला फीत कापणारा मिळतो, तर दुसऱ्या कामाला साधा जाणकार माणूसही नेमला जात नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अशा वास्तूतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. माझी पहिली मागणी एवढीच आहे, की हे प्रमाणपत्र तिकीटबारीशेजारच्या फलकावर प्रत्येक प्रेक्षकाला वाचता येईल असे लावले जावे. त्यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही आणि मंत्र्यांची तारीखही लागत नाही.

दुसरी गोष्ट तारखांची आहे. पालिकांच्या नाट्यगृहांत आधी ठरलेल्या प्रयोगाची तारीख एखाद्या राजकीय मेळाव्यासाठी किंवा सरकारी कार्यक्रमासाठी काढून घेतली जाते, ही तक्रार मुंबई-पुण्यापासून सर्वत्र ऐकू येते. ज्यांची तारीख जाते त्यांचे नुकसान केवळ भाड्याचे नसते. नेपथ्याचा टेम्पो ठरलेला असतो, प्रकाशयोजनेची आणि रंगभूषेची माणसे त्या दिवसाच्या मजुरीवर अवलंबून असतात, जाहिरात गेलेली असते आणि चार तिकिटे काढून ठेवलेल्या कुटुंबाचा एक रविवार फुकट जातो. राजकीय पक्षांना सभा घेण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यासाठी शहरात मैदाने व सभागृहे आहेत. ज्या नगरसेवकांना आम्ही आत्ताच निवडून दिले, त्यांनी पहिल्याच वर्षात असा नियम करावा, की एकदा दिलेली नाटकाची तारीख कोणत्याही पक्षाच्या, अगदी सत्ताधाऱ्यांच्याही, कार्यक्रमासाठी रद्द होणार नाही. हा नियम पाळताना त्यांना स्वतःच्याच नेत्यांना कधीतरी नकार द्यावा लागेल, आणि त्यांची परीक्षा तेथेच होईल.

तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे म्हणजे व्यवस्थापन. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यमंदिर रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या माणसांची समिती चालवते आणि दरवर्षी 5 नोव्हेंबरला रंगभूमीदिनी भावे गौरवपदकाचा सोहळा करते. आपले नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचे आहे आणि तसेच राहावे, खासगी ठेकेदाराच्या हाती जाऊ नये, अशी माझी ठाम भूमिका आहे. परंतु मालकी पालिकेची ठेवूनही त्याचा रोजचा कारभार पाहण्यासाठी नट, तंत्रज्ञ, पडद्यामागचे कामगार, अग्निशमनातील जाणकार आणि प्रेक्षकांचे प्रतिनिधी यांची समिती नेमता येईल. भिंतीतली तार कोठून जाते आणि विंगेत कोणते सामान ठेवू नये, हे तेथे रात्र-रात्र काम करणाऱ्या माणसाला कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा अधिक कळते.

कोल्हापूरकरांना पाठपुरावा करता येत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. टोलविरोधी लढ्यात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे सारे शहर रस्त्यावर उतरले आणि टोल रद्द झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी दशकानुदशके आंदोलन केले, तेव्हा 18 ऑगस्ट 2025 पासून सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंचचे काम येथे सुरू झाले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला नांदणी मठातून गुजरातला नेलेली हत्तीण परत मिळावी म्हणून हजारो माणसे पायी चालत कोल्हापुरात आली. आपण एखादी गोष्ट आपली मानली की ती सोडत नाही. नाट्यगृह जळाले त्या आठवड्यात आपण तसेच हळहळलो होतो. पुढे मात्र तो विषय रंगकर्मींचा म्हणून त्यांच्यावर सोडून दिला, आणि यात मीही अपवाद नाही, कारण सुरुवातीच्या दोन निवेदनांनंतर मीही गप्प बसले होते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की नाट्यगृहाच्या कामाची स्थिती, झालेला खर्च आणि राहिलेले काम यांची माहिती पालिकेकडून घेऊन दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी प्रसिद्ध करावी. नव्या नगरसेवकांनी व्यवस्थापन समिती नेमायचे ठरवले, तर राज्य नाट्य स्पर्धेत माझ्याबरोबर काम केलेली आम्ही पाच-सहा जुनी माणसे कोणत्याही मानधनाशिवाय दर आठवड्याला येऊन बसायला तयार आहोत. आमच्यापैकी एकजण पंचवीस वर्षे प्रकाशयोजना करत होता आणि त्या रंगमंचाची जुनी विद्युतरचना त्याला अजून तोंडपाठ आहे. त्याचे वय 74 आहे, त्यामुळे त्याला लवकर बोलवावे.

आपली,
एक नाट्यप्रेमी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर