उपवासाचा दिवस कितवा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत लागोपाठ दोन आठवडे उपवासावर लेख आले. पहिल्यात म्हटले होते की सोळा तास पोट रिकामे राहिले की शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागते. दुसऱ्यात नेमके उलटे: उपवासात स्नायूंना धक्का लागत नाही, फक्त चरबी जळते. आमच्या घरात याचा परिणाम असा, की जिमला जाणाऱ्या पुतण्याने संकष्टी सोडली आणि ७८ वर्षांच्या माझ्या थोरल्या बहिणीने दिवसाआड निव्वळ पाण्यावर राहायला सुरुवात केली. दोघांनी आपापल्या सोयीचा लेख वाचला होता. मी वैद्यकीय महाविद्यालयात बत्तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले, त्यामुळे गप्प बसवेना.

दोन्ही लेखांत एक साधी गोष्ट राहून गेली आहे: उपवासाचा दिवस कितवा?

रात्री आठला जेवलेला माणूस सकाळी उठतो तेव्हाच त्याचे निवांत स्नायू मुख्यतः चरबीवर चाललेले असतात. त्यासाठी व्रत लागत नाही. रक्तातले इन्शुलिन उतरते, चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सुटतात आणि स्नायू ती जाळू लागतो. ती जळत असताना ग्लुकोजचा मार्ग आपोआप अडतो. मेदाम्ले आणि ग्लुकोज यांची ही चढाओढ फिलिप रँडल यांनी १९६३ मध्ये मांडली. मधुमेहात ज्या इन्शुलिनरोधाला (इन्शुलिन असूनही पेशींनी ग्लुकोज न घेण्याला) आपण दूषण देतो, तो उपाशी स्नायूच्या बाबतीत शहाणपणा ठरतो. मेंदूला दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागते. स्नायूने त्यात वाटा मागितला नाही, तरच ते पुरते.

आता साठ्याचे बघू. स्नायूंत मिळून तीन-चारशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, असते, यकृतात शंभरेक ग्रॅम. पण रक्तातली साखर सांभाळते ते यकृतच. ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेट सोडवणारे विकर (एन्झाइम) स्नायूकडे नसल्याने त्याचा साठा थेट रक्तात उतरत नाही. परीक्षेत हा प्रश्न मी दरवर्षी विचारायचो आणि निम्मा वर्ग दरवर्षी चुकायचा. यकृताचा साठा साधारण दिवसभरात संपत येतो. मग नवी साखर करायची कशातून? चरबीतून त्यासाठी ग्लिसरॉल मिळते, पण ते थोडे. उरलेला कच्चा माल स्नायूतल्या प्रथिनांतून येतो. स्नायू अमिनो आम्ले सोडतो, विशेषतः अॅलानिन आणि ग्लुटामिन. यकृत आणि मूत्रपिंड त्यांपासून ग्लुकोज बनवतात.

म्हणजे पहिला लेख सपशेल खोटा नाही, त्याचे घड्याळ चुकले आहे. थोडी अमिनो आम्ले तर स्नायू रोज रात्री सोडतो आणि जेवणानंतर भरून घेतो. सोळा तासांत पुतण्याचे दंड वितळत नाहीत. खरी झीज पाण्यावरच्या उपवासाच्या पहिल्या काही दिवसांत होते. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात लठ्ठ स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून पाच-सहा आठवड्यांचे उपवास अभ्यासले. सुरुवातीला मोडलेल्या प्रथिनांतला बाराएक ग्रॅम नायट्रोजन रोज लघवीतून जात होता, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने. हाच वेग राहता तर माणूस महिनाभरही तगणे अवघड होते. पण काही आठवड्यांत हा आकडा तीन-चार ग्रॅमवर आला. मेंदू कीटोनवर, म्हणजे यकृत चरबीपासून बनवते त्या इंधनावर, चालू लागला, ग्लुकोजची मागणी घटली, प्रथिने मोडण्याची निकडही घटली.

यातला एक तपशील शिकवताना मी नेहमी रेंगाळायचो. पहिल्या दिवसांत स्नायू स्वतःही कीटोन भरपूर जाळतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मात्र तो त्यांवरचा हात आखडता घेतो, मेदाम्लांवर भागवतो आणि कीटोन मेंदूसाठी राहू देतो. घरात अन्न कमी पडले की थोरला भाऊ ‘मला भूक नाही’ म्हणून पानावरून उठतो, तसे.

दुसऱ्या लेखाने लांबलेल्या उपवासाच्या याच उत्तरार्धाचा आधार घेतला असावा. पण ते स्वयंसेवक लठ्ठ होते, त्यांच्याकडे चरबीची शिल्लक मोठी होती. सडपातळ माणसाची प्रथिने उपवासात तुलनेने जास्त खर्ची पडतात. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते आणि अंगावर मांस बेताचेच. डॉक्टर काळजीत होते ते उगाच नव्हे. म्हातारपणी गेलेला स्नायू परत भरणे कठीण, कारण त्याच जेवणाला वयस्कर स्नायू कमी प्रतिसाद देतो. माझ्या बहिणीची अडचण वजन ही नाहीच. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येणे, ही आहे.

एकादशीचे काय, असे पुरवणीच्या वाचकांना वाटेल. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. खिचडीची ताटली संपली की इन्शुलिन चढते, मेदाम्लांचा ओघ आटतो आणि वर सांगितलेले सगळे थांबते. स्नायूच्या दृष्टीने तो उपवास नव्हेच. खिचडीत प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून, त्यामुळे तिथे तरी हात सैल असावा. पर्युषणात आमच्या गल्लीत पाण्यावर अठ्ठाई (आठ दिवसांचा उपवास) करणारे मात्र खरोखर चौथ्या-पाचव्या दिवसाच्या जैवरसायनात शिरतात. त्यांना आणि संकष्टीला रात्री मोदकावर ताव मारणाऱ्याला एकच सल्ला कसा लागू पडेल?

माझी विनंती एवढीच. यापुढे उपवासावर लेख छापताना किती तासांचा किंवा दिवसांचा, पाण्यावरचा की फराळाचा, आणि कोणत्या वयाच्या माणसाचा, हे पहिल्या परिच्छेदात लिहून घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये, हेही चौकटीत द्यावे. दोन्ही लेखांत ते नव्हते. बहिणीला मी सध्या सकाळी वाटीभर उसळ खायला राजी केले आहे. पुतण्या अजून वाद घालतो आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली